काळा पडलेला प्लग काय सांगतो?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी दोन-अडीचचा सुमार. बाहेर ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर दिसू नये. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पंचविशीचा एक तरुण आला. धाप लागलेली, खोकला थांबत नव्हता आणि तोंडाला पेट्रोलचा उग्र वास. बरोबर वडील. गाव पारोळा तालुक्यातलं. मुलगा रोज साठेक किलोमीटर मोटरसायकलवर ये-जा करून कारखान्यात कामाला जातो.

सुरुवातीला वाटलं, रागाच्या भरात काही पिऊन घेतलं की काय. तसं नव्हतं. गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणून त्याने घरीच इलाज करायला घेतला होता. स्पार्क प्लगची पुढची पट्टी कानशीने अर्धी घासली की ठिणगी मोकळी पडते आणि लिटरमागे पाच-सात किलोमीटर वाढतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पट्टी घासून झाली. मग प्लग धुवायला पेट्रोल हवं म्हणून टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढलं. घोट तोंडात आला, ठसका लागला आणि पेट्रोल श्वासनलिकेत गेलं.

वडील हवालदिल झाले होते. "दोन पैसे वाचवायला गेला अन् हे असं झालं. आते काय करानं, साहेब?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून तो प्लग काढून माझ्यापुढे धरला. जणू विषाची बाटलीच डॉक्टरला दाखवायला आणली होती!

मी तो हातात घेऊन पाहिला. घासलेली पट्टी चकाकत होती. पण तिच्यामागचं पांढरं चिनी मातीसारखं टोक काजळीने काळंकुट्ट झालं होतं. रुग्णाची जीभ बघून पोटाची कल्पना येते, तसा हा प्लग इंजिनाची प्रकृती सांगत होता. त्या मुलाने जिभेवर उपचार केला होता. दुखणं भलतीकडेच होतं.

असा इलाज करणारा तो एकटा नाही. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर आणि बसस्थानकाबाहेर ॲव्हरेजच्या गोष्टी तब्येतीच्या गोष्टींइतक्याच रंगतात. कोणी प्लगचा गॅप वाढवतो, कोणी त्याला खाच पाडतो, कोणी चार टोकांचा महागडा प्लग आणतो. म्हणून आज या सदरात थोडं इंजिनाच्या प्रकृतीविषयी आणि त्यातून आपल्या प्रकृतीविषयी.

काडी आणि चूल

स्पार्क प्लगचं काम एका वाक्यात सांगता येतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला योग्य क्षणी काडी लावायची. मधल्या टोकाला दहा ते वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब मिळतो आणि समोरच्या पट्टीपर्यंतची फट ओलांडून ठिणगी पडते. मोटरसायकलमध्ये ही फट साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर चार स्ट्रोकच्या गाडीत सेकंदाला पन्नास वेळा मिश्रण पेटवावं लागतं. तेही पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, महिनोन् महिने, बिनतक्रार!

आता प्रश्न असा की ठिणगी मोठी केली तर गाडीला जास्त ताकद मिळेल का? याचं उत्तर आपल्या आजीला माहीत होतं. काडेपेटीतली काडी जाडजूड घेतली म्हणून भाकरी लवकर भाजत नाही. चूल एकदा पेटली की पुढचा जाळ पऱ्हाटीचा असतो, काडीचा नाही. हिशोबच मांडायचा तर, चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या आणि लिटरला साठ किलोमीटर देणाऱ्या मोटरसायकलमध्ये पेट्रोलच्या एकेका स्फोटातून साधारण पावणेदोनशे ज्यूल ऊर्जा निघते. ठिणगीची ऊर्जा काही शतांश ज्यूल, म्हणजे हजारात एक भागाहूनही कमी. ती दुप्पट केली तरी चाकाला काही कळत नाही.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. "साध्या प्लगमुळे निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर जातं" असं विक्रेते सांगतात. ते खरं नाही. इंजिन नीट असेल तर शंभरातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पेट्रोल आतच जळतं. मग उरलेली शक्ती जाते कुठे? ती उष्णतेत जाते. पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते तीस टक्के भाग कामाला लावतं. बाकीची ऊर्जा सायलेन्सरमधून आणि तापलेल्या सिलिंडरवरून हवेत जाते. ही गळती उष्णतेच्या नियमांमुळे होते आणि प्लगची पट्टी घासून ती थांबत नाही.

पण आजी आणखी एक गोष्ट सांगेल. पऱ्हाटी ओली असेल तर काडी चांगलीच लागते. इंजिनाचंही तसंच आहे. थंडीत पहिली किक मारताना, प्लग झिजलेला असताना किंवा मिश्रणात पेट्रोल फार कमी असताना ठिणगीचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. झिजलेल्या, काजळलेल्या प्लगवर गाडी मिसिंग मारते. तेव्हा मात्र खरोखरच न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं. अशा वेळी नवा प्लग टाकला की ॲव्हरेज सुधारतं. ते नव्या साध्या प्लगनेही तितकंच सुधारलं असतं.

घासणे, कापणे, खाच पाडणे

गॅरेजातल्या युक्त्या एकेक करून पाहू.

पट्टी अर्धी कापली की ठिणगीभोवती जागा मोकळी होते आणि ज्वाला सुरुवातीला थोडी सहज पसरते, हे कागदावर खरं आहे. शर्यतीच्या गाड्यांवर काही जण ते करतातही. पण तिथे प्लग वारंवार बदलला जातो. रोजच्या गाडीत कापलेल्या पट्टीची धार लवकर झिजते, फट वाढत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत गाडी आधीपेक्षा वाईट चालू लागते.

फट वाढवली की ठिणगी लांब होते, पण ती पाडायला जास्त व्होल्टचा दाब लागतो. त्याचा ताण इग्निशन कॉइलवर येतो. चढावर किंवा डबलसीट असताना सिलिंडरमधला दाब वाढला की अशीच ठिणगी चुकते. पॉलिश पेपरने प्लग घासणं आपण सगळ्यांनीच केलं आहे. त्याचे कण फटीत आणि चिनी मातीवर अडकून राहू शकतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

"आपल्याकडे ऊन फार, म्हणून थंड प्लग टाका" हा सल्ला खास खानदेशी. प्लग 'गरम' किंवा 'थंड' असतो तो स्वतःतली उष्णता किती लवकर सोडतो यावरून. त्याचं टोक साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही. त्यावर गेलं तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. जळगावचं तापमान पंचवीसवरून पंचेचाळीसवर गेलं, तरी आत दोन हजार अंशांच्या पुढची ज्वाला सोसणाऱ्या प्लगला त्या वीस अंशांचं काय? कंपनीने पुस्तिकेत दिलेला क्रमांकच वापरावा.

इरिडियमच्या महागड्या प्लगचं काय? ते वाईट नाहीत. बारीक टोकामुळे ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते, गाडी सहज सुरू होते आणि प्लग कितीतरी जास्त दिवस टिकतो. पैसे त्या टिकाऊपणाचे असतात. ॲव्हरेज वाढेल म्हणून घेतला तर निराशा पदरी येते.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. दोन शिंगांची पट्टी असलेला एक प्लग तिथे नव्वदच्या दशकात प्रचंड जाहिरात करून विकला गेला. इंधन वाचतं आणि ताकद वाढते, या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. तिथल्या पर्यावरण संस्थेने गेल्या काही दशकांत इंधन वाचवणारी शंभराहून अधिक साधनं तपासली. बहुतेकांतून हाती काहीच लागलं नाही.

पुण्यात घडलेली खरी गोष्ट

मग प्लगमध्ये सुधारणा करून इंजिन सुधारणं शक्यच नाही का? शक्य आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सर मोटरसायकलमध्ये एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग बसवले. 'डीटीएस-आय' हे नाव तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होतं. कल्पना जगात नवी नव्हती. विमानांच्या इंजिनात सुरक्षिततेसाठी दोन प्लग पूर्वीपासून असत. मोटारीतही तसे प्रयोग झाले होते. लहान सिलिंडरच्या, स्वस्त, रोजच्या वापराच्या गाडीत ते बसवणं हे आव्हान होतं.

दोन प्लगने काय साधलं? ठिणगीची ताकद वाढवणं हा त्यामागचा हेतूच नव्हता. कमी पेट्रोल आणि जास्त हवा असलेलं मिश्रण हळू जळतं. एका कडेला पेटवलं तर ज्वाला दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पिस्टन खाली निघून जातो आणि शक्ती वाया जाते. दोन्ही बाजूंनी पेटवलं तर ज्वालेला जायचं अंतर निम्मं होतं. पऱ्हाटीचा ढीग दोन्ही टोकांनी पेटवावा तसं. त्यामुळे पातळ मिश्रणावर गाडी चालवणं शक्य झालं. पण त्यासाठी सिलिंडरचं डोकं नव्याने आखावं लागलं आणि कोणत्या वेगाला, किती भाराला ठिणगी केव्हा पाडायची याचं गणित इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत बसवावं लागलं. पुढे २०१२ मध्ये आलेल्या पल्सर २०० एनएसमध्ये तर तीन प्लग होते.

या कल्पनेचं मोल किती होतं ते कोर्टात दिसलं. बजाजने २००२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता आणि २००५ मध्ये ते मिळालं. २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीची दोन प्लगची 'फ्लेम' ही १२५ सीसीची गाडी आली आणि वाद पेटला. मद्रास उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, विक्रीचा चोख हिशोब ठेवायला सांगितलं आणि असे दावे झटपट निकाली काढावेत असंही बजावलं. अखेर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तो आपसात मिटवला. एका प्लगसाठी बारा वर्षं!

मला यातून एवढंच सांगायचं आहे. खरी सुधारणा झाली तेव्हा प्लगबरोबर सगळं इंजिन बदललं गेलं आणि ते मोजूनमापून बदललं गेलं. पुण्यात 'एआरएआय' ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून आहे. तिथे गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगाच्या आराखड्याप्रमाणे चालवून, सायलेन्सरमधून निघणारा वायू तपासून आकडा काढतात. त्या आकड्यात आणि "मी आजमावून पाहिलंय" यात जे अंतर आहे, तेच औषधाच्या चाचणीत आणि "आमच्या शेजाऱ्याला गुण आला" यात असतं.

गुण आला, पण कशाने?

डॉक्टर म्हणून मला इथे फार ओळखीची माणसं भेटतात. ताप उतरायच्या बेतात असतो त्याच दिवशी कोणी ताईत बांधतो आणि श्रेय ताईताला जातं. गाडीचंही तेच. आपण प्लग केव्हा बदलतो? ॲव्हरेज अगदी पडल्यावर. मग मेकॅनिक प्लगबरोबर एअर फिल्टर झटकतो, साखळीला तेल घालतो, टायरात हवा भरतो. पाच गोष्टी बदलल्या आणि यश मिळालं नव्या प्लगला. त्यात ॲव्हरेज मोजायचं म्हटल्यावर आपलाच हात ॲक्सिलरेटरवर हलका पडतो.

मोजण्यातही घोळ असतो. पेट्रोल भरताना गाडी कलती असेल तर टाकीत दोनशे मिली इकडचं तिकडे सहज होतं. चार लिटरवर दोनशे मिली म्हणजे पाच टक्के. साठचं त्रेसष्ट व्हायला तेवढं पुरतं.

ज्याला खरंच तपासायचं आहे त्याने असं करावं. टायरची हवा ठरलेली ठेवावी. त्याच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, टाकी एकाच खुणेपर्यंत भरावी. नेहमीच्या रस्त्यावर किमान तीनशे किलोमीटर चालवावी आणि मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी. जुन्या पद्धतीचा नवा साधा प्लग आणि 'सुधारलेला' प्लग, दोन्हींसाठी हे तीन-तीन वेळा करावं. कोणता प्लग बसवला आहे हे मेकॅनिकने आपल्याला सांगू नये, फक्त वहीत लिहून ठेवावं. शेवटी वही उघडावी. औषधांच्या चाचणीत आम्ही हेच करतो. या परीक्षेत किती चमत्कार टिकतात ते प्रत्येकाने स्वतः पाहावं.

सध्या आणखी एक कारण आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. म्हणजे अशा मिश्रणात, निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत, लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी आली. ॲव्हरेज थोडं उतरलं तर त्यात प्लगचा दोष नाही.

प्लगचा रंग वाचावा

प्लग घासण्यापेक्षा वाचायला शिकलो तर खूप पैसे वाचतील. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल वर येतं आहे, रिंगा किंवा वाल्वचे सील बघावे लागतील. पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतं आहे.

आपल्या भागात कोरड्या काजळीचं पहिलं कारण धूळ. काळ्या मातीचे शेतरस्ते आणि वर्षानुवर्षं चाललेली महामार्गाची कामं. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीचा एअर फिल्टर तुंबला की तिला हवा कमी पडते आणि ती काळा धूर ओकते. दम्याच्या रुग्णाची छाती भरावी तसं. तिथे इलाज फिल्टरचा करायचा असतो.

दुसरं कारण भेसळ. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल नीट जळत नाही, इंजिन ठोके मारतं आणि प्लग काळवंडतो. ही भेसळ किती भयंकर टोकाला गेली होती ते आपण विसरलेलो नाही. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथे २५ जानेवारी २०११ रोजी भेसळ करणाऱ्यांना रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आलं. काळ्या प्लगमागे असाही इतिहास असू शकतो.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर मनाने काही करूच नये. त्यांत सायलेन्सरच्या मार्गात विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. घासलेल्या प्लगमुळे ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो निकामी होतो. तीनशे रुपयांच्या युक्तीने हजारोंचा भाग जातो. आणि पुढची सगळी वर्षं ती गाडी शाळेच्या फाटकापाशी उभ्या पोरांच्या तोंडावर धूर सोडते.

प्लग स्वच्छ, रक्त मैलं

इंजिन सुधारण्याच्या नादात माणसाचा विसर पडला की काय होतं, याची एक मोठी गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाला असं आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं तर इंजिन ठोके मारत नाही. ताकद वाढली, ॲव्हरेज वाढलं. पण शिसं प्लगवर चिकटून बसू लागलं. त्यावर तोडगा म्हणून ब्रोमीनचं संयुग मिसळलं, म्हणजे शिसं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जावं. प्लग स्वच्छ राहिला. शिसं मात्र हवेत गेलं आणि तिथून लहान मुलांच्या रक्तात.

१९२४ मध्येच हे रसायन बनवणारे कामगार विषबाधेने दगावले होते. स्वतः मिजलीलाही शिशाची बाधा झाली. तरी हे पेट्रोल जगभर अनेक दशकं विकलं गेलं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, बुद्धी मंदावते. भारतात शिसंविरहित पेट्रोल सर्वत्र आलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते बंद केलं. माझ्या पिढीने विद्यार्थिदशेत स्कूटरमध्ये जे पेट्रोल भरलं त्यात शिसं होतं. तिरकी करून सुरू करायची ती दोन स्ट्रोकची स्कूटर आणि डिकीत ठेवलेला जादाचा प्लग आम्हाला आजही आठवतो. त्या धुराची आठवण मात्र कोणी काढत नाही.

गॅरेजात आणि घरी सांभाळायचं ते

आता माझ्या कामाचं. पेट्रोल तोंडाने ओढणं आजच थांबवा. पेट्रोल पाण्याहून पातळ असतं आणि फुप्फुसात क्षणात पसरतं. पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनलिकेत गेलेलं चमचाभरसुद्धा जास्त घातक. हाताने दाबायचा रबरी पंप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो घ्या.

तरीही कोणी गिळलं किंवा ठसका लागला, तर उलटी काढायला लावू नका. मीठपाणी देऊ नका, दूध पाजू नका. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा वर येऊन छातीत जातं. भिजलेले कपडे काढा आणि सरळ रुग्णालय गाठा. सुरुवातीला माणूस ठीक वाटला तरी निदान सहा तास त्याच्यावर डॉक्टरांची नजर हवी. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असतो आणि नंतर त्यात डाग दिसतो, असं आम्ही अनेकदा पाहतो.

पेट्रोलने हात धुणं हीदेखील गॅरेजातली रोजची सवय. त्याने कातडीचं तेल जातं, भेगा पडतात. शिवाय पेट्रोलमध्ये थोडं बेंझिन असतं आणि बेंझिनचा रक्ताच्या कर्करोगाशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. हातमोजे आणि साबण पुरेसे आहेत. पेट्रोलने प्लग धुवून लगेच त्याची ठिणगी बघायची सवयही सोडा. भाजलेल्या हातांवर उपचार करताना मला तोच किस्सा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो.

हिवाळ्यात शटर ओढून आत गाडीचं ट्युनिंग करू नका. काळ्या धुराच्या गाडीतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं आणि आकडा चांगला दाखवतं. त्यावर विसंबू नका. माणसाला आधी उघड्यावर आणा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. ऑक्सिजन लावावा लागला. तरणं शरीर होतं, सहाव्या दिवशी घरी गेला. तपासणीला परत आला तेव्हा मी विचारलं, "गाडीचं काय केलंस?" तो ओशाळला. मग म्हणाला, "मेकॅनिककडे नेली, सर. एअर फिल्टर मातीनं गच्च भरला होता. तो बदलला, पुस्तकात लिहिलाय तोच नवा प्लग टाकला. धूर बंद झाला." ॲव्हरेज किती वाढलं ते त्याने अजून मोजलं नव्हतं. टाकी दोनदा फुल करून सांगतो म्हणाला.

गेलेल्या सहा दिवसांची मजुरी मात्र त्याने बरोबर मोजली होती.